पन्नासाव्या मिनिटाचा जाळ

त्या घरून चौथ्यांदा तक्रार आली तेव्हा भाऊजींनी पाना टेबलावर आपटला नाही, अगदी हळूच ठेवला. ते आपटतात तेव्हा काळजीचं कारण नसतं. हळूच ठेवतात तेव्हा पुढचे दोन दिवस दुकानात कोणी मोठ्यानं शिंकायचीसुद्धा सोय नसते.

"वहिनी, त्या सिस्टरांच्या शेगडीला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "झालंय ते दुसरीकडे." आणि बोट कपाळाशी नेऊन त्यांनी गोल फिरवलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमचं गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघंच ते ओढतोय. घरोघर जाऊन दुरुस्ती करणं त्यांच्याकडे. फोन, सुटे भाग आणि लोकांची बोलणी माझ्याकडे. भाऊजींच्या हाताला गुण आहे. तोंडाला मात्र नाही.

सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळात तीस-बत्तीस वर्षं नर्स असलेल्या बाई. निवृत्त होऊनही इतकी वर्षं झाली, तरी भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांची तक्रार अशी : सूप करायला मोठं पातेलं चढवायचं, मोठ्या गॅसवर पाऊण-एक तास उकळायचं आणि मग गॅस बारीक केला की 'फट्' असा आवाज होतो. वरचा जाळ नाहीसा होतो आणि बर्नरच्या पोटात जळायला लागतो. आतून घुरघुर येते, वास येतो. त्या लगेच बंद करतात आणि आम्हाला फोन करतात.

भाऊजी तीनदा जाऊन आले होते. तिन्ही वेळा शेगडी पेटवली. निळा, सरळ, चित्रात काढावा तसा जाळ. मोठा केला, बारीक केला, पाच मिनिटं उभे राहिले. शेगडीनं ब्र काढला नाही. आमच्याकडे तपासणी झाली की घरात एक कार्ड ठेवतात. पहिल्या दोन कार्डांवर त्यांनी लिहिलं, 'तपासले, ठीक आहे.' तिसऱ्यावर लिहिलं, 'दोष नाही. ग्राहकाचा गैरसमज.'

ते मला नंतर कळलं, आणि मी त्यांच्यावर चिडले. गिऱ्हाइकाच्या घरात असं लिहून ठेवतं का कोणी? तर म्हणे, मग काय लिहू, भूत आहे म्हणून? आणि वर, तुम्ही फोनवर गोड बोलता म्हणून लोक पुन्हा पुन्हा बोलावतात. म्हणजे चूक माझीच. आमच्याकडे कुठलाही वाद शेवटी याच फलाटावर येऊन थांबतो.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतःच दुकानात आल्या. वीस मिनिटं चालत आल्या असतील, पण साडीची घडी मोडलेली नव्हती. पिशवीतून तिन्ही कार्डं काढून त्यांनी माझ्यासमोर ओळीनं मांडली आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. शेगडी दुरुस्त करून मागायला त्या आल्याच नव्हत्या. त्यांना ते कार्ड बदलून हवं होतं.

त्यांचा मुलगा ऑफिसात जातो. चांगला मुलगा आहे, असं त्यांनीच दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना दात जरा आवळलेले होते. रविवारी तो आंघोळ करत असताना पुन्हा 'फट्' झालं. तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा शेगडी बंद, खिडकी उघडी, आई शांत. आत जाळ पेटला होता, असं आईनं सांगितलं. त्यानं फ्रिजवर लावलेली कार्डं वाचली. आणि सोमवारपासून तो कामाला जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून बरोबर नेतो. जेवणाचा डबा आणि रेग्युलेटर, एकाच बॅगेत. संध्याकाळी सातला आला की बसवतो. येत्या रविवारी शेगडीच कोणाला तरी देऊन टाकणार आणि दोन वेळचं जेवण बाहेरून डब्यातून येणार. आज आवाज ऐकू येतात, उद्या गॅस चालू ठेवून झोपशील, असं म्हणाला.

"दुपारी चहा प्यावासा वाटला तर मी काय करायचं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "त्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं?"

मी हसले, आणि मग हसल्याची लाज वाटली. कारण त्या विनोद करत नव्हत्या. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी घेतलेल्या बाईला स्वतःच्या घरात आधण ठेवायची मनाई झाली होती, आणि त्या मनाईखाली सही आमच्या दुकानाची होती.

मग त्यांनी चौकटीच्या कागदाची एक घडी उलगडली. तारीख, शेगडी कधी पेटवली, 'फट्' कधी झालं. तापाचा तक्ता खाटेला अडकवतात तसा नेटका. अकरा नोंदी. अठ्ठेचाळीस मिनिटं, बावन्न, पन्नास, एकोणपन्नास. पंचेचाळीसच्या आत एकदाही नाही. माझा वैताग इथं जरा बाजूला सरला. भ्रम झालेल्या माणसाचा आवाज कधीही येईल; पन्नासाव्या मिनिटाची वाट बघत बसणार नाही.

आमच्या कपाटात गॅस आणि ज्वलनाबद्दलचं एक जाडजूड जुनं पुस्तक आहे. ते मी दुपारच्या रिकाम्या वेळात, शब्दकोश मांडीवर घेऊन, तीन वर्षांत कसंबसं संपवलं. भाऊजी त्याला 'वहिनींची पोथी' म्हणतात. त्यात एक आलेख आहे : खाली तापमान, बाजूला जाळाचा वेग, आणि रेघ वर चढत जाते. जाळ बर्नरवर उभा आहे असं आपल्याला दिसतं, पण तो उभा नसतो. भोकातून गॅस आणि हवा मिसळून बाहेर येत असतात आणि जाळ त्यांना खात खात आत शिरायला बघत असतो. खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादं कार्टं वर पळत असावं आणि जिथल्या तिथंच दिसावं, तसं. आता हे मिश्रण पेटायच्या आधीच गरम झालं, तर कार्ट्याच्या पायात बळ येतं. दोनशे अंशांनी तापलं तर वेग अडीचपट होतो. गरम गॅस फुगतो, त्यामुळे जिन्याचाही वेग वाढतो, पण तेवढा नाही. आणि अशा वेळी तुम्ही गॅस बारीक केलात, म्हणजे जिनाच हळू केलात, की कार्टं थेट वरच्या मजल्यावर. म्हणजे बर्नरच्या पोटात.

हे मी सिस्टरांना सांगितलं. त्यांना पहिल्या खेपेत कळलं. भाऊजींना चार वर्षं सांगतेय. म्हणाल्या, मग तुमचे दीर येतात तेव्हा का होत नाही? मी म्हटलं, तेच तर बघायचंय, आणि वहीत शनिवार लिहिला. त्या दिवशी मुलगा घरी असतो, म्हणजे रेग्युलेटरही घरी. लिहिता लिहिता तोंडातून सवयीनं निघालंच, "दहा वाजता येतील. त्याआधी तासभर शेगडी बंद ठेवा, म्हणजे—"

सिस्टरांनी चष्मा काढला.

"दर वेळी ठेवते," त्या म्हणाल्या. "फोनवर तुम्हीच सांगता ना. शिवाय बर्नर धुऊन, पुसून ठेवते. आलेल्या माणसाला काळा बर्नर काय दाखवायचा?" मग माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी शिकाऊ नर्स असते तर रडलेच असते. "बाई, डॉक्टर राउंडला यायच्या आधी पेशंटला तापाची गोळी देऊ नका, म्हणून मी नातेवाइकांवर ओरडायची. तुम्ही तर फोन करून गोळी द्यायला सांगताय."

मी पेन ठेवलं. दुकान हातात आलं त्या पहिल्याच वर्षी भाऊजींचा तळवा गरम बर्नरनं भाजला होता. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे वाक्य सांगते. नऊ वर्षं. म्हणजे नऊ वर्षं आम्ही तापल्यावर बिघडणारी प्रत्येक शेगडी आधी नीट थंड करवून घेत होतो आणि मग ती ठणठणीत असल्याचं कार्ड लिहून देत होतो. आणि पोथी वाचलेली बाई कोण, तर मी. कोणावर चिडायचं तेच कळेना.

भाऊजींवर चिडले. ते सोपं असतं. संध्याकाळी ते आल्यावर सांगितलं, शनिवारी सिस्टरांकडे तासभर बसायचं, शेगडी चालू ठेवून. त्यांनी पाढा वाचला : शनिवारी तीन घरं आहेत, दुसऱ्याच्या सुपाकडे टक लावून बसायला माझं डोकं फिरलेलं नाही, गरम बर्नर उघडायचा नसतो हे तुम्हीच शिकवलंत, आणि ती पोथी रद्दीत घाला. मी म्हटलं, ठीक आहे, दुकान बंद ठेवून मीच येते. यावर मात्र ते गप्प झाले. नवरा गेला त्या शनिवारीसुद्धा आमचं दुकान दुपारपर्यंतच बंद होतं.

शनिवारी मुलानंच दार उघडलं. तिसरा मजला, अरुंद स्वयंपाकघर, ओटा असा घासलेला की त्यावर ऑपरेशन करता आलं असतं. मुलगा फार नम्रपणे बोलत होता. आधीच निर्णय घेतलेली माणसं बोलतात तसा. त्यानं खोलीतून रेग्युलेटर आणून बसवला आणि आमची सोय म्हणून एका लहान भांड्यात पाणी घालून तयार ठेवलं होतं, ते शेगडीवर चढवलं.

मोठ्या गॅसवर पन्नास मिनिटं. पाणी आटलं, घातलं, आटलं, घातलं. भाऊजी दाराला टेकून फोनवर पुढच्या घरांना 'निघालोच' सांगत होते. पन्नास मिनिटं झाल्यावर त्यांनी गॅस बारीक केला. काही नाही. पुन्हा मोठा, पुन्हा बारीक. जाळ शाळेत तपासणी आल्यासारखा हाताची घडी घालून बसलेला.

भाऊजी खाकरले. त्या खाकरण्यात माझं पुस्तक, माझा शनिवार आणि माझी अक्कल असं सगळं आलं. मुलानं आईकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी माया होती की मला त्याचा संताप आला. "आई, बस तू," तो म्हणाला. सिस्टर बसल्या नाहीत. त्यांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"माझं पातेलं हे नाही," त्या म्हणाल्या.

पातेलं कुठंय, तर माळ्यावर. जड आहे, तू उचलू नयेस म्हणून ठेवलं, असं मुलानं सांगितलं. मी म्हटलं, काढा. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, काढा. या वेळी गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज मी वापरला नाही. तो स्टूल घेऊन चढला.

पातेलं खाली आलं तेव्हा भाऊजी पहिल्यांदा दारापासून हलले. एवढं रुंद बूड, की शेगडीवर ठेवलं तर बर्नर दिसेना. त्यांनी वाकून पातेलं आणि शेगडी यांच्यामधली फट दोन बोटांनी मोजली. "हे तर बर्नरवर झाकण बसवल्यासारखं झालं," ते म्हणाले, आणि पुढच्या घराला फोन करून सांगितलं की उशीर होईल. उशीर होईल असं त्यांनी मनापासून सांगितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. एरवी ते निघालेलेच असतात.

पुन्हा पन्नास मिनिटं. सिस्टरांनी गाजरं, कांदे चिरून पातेल्यात घातले. बसायचंच आहे तर सूप तरी होऊ दे, म्हणाल्या. मुलगा स्टुलावर बसून मोबाइल बघत होता, तो बाहेरच्या जेवणाच्या डब्यांची यादी बघतोय हे मला बसल्या जागेवरून दिसत होतं. स्वयंपाकघर तापत गेलं. तिसाव्या मिनिटाला भाऊजींनी बर्नरखालच्या नळीजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा नेला, आणि या वेळी माझ्याकडे पाहिलं. गॅस आणि हवा त्याच नळीतून येतात. आगीकडे निघालेलं मिश्रण वाटेतच भाजून निघत होतं.

"आता," सिस्टर म्हणाल्या. एक्कावन्न मिनिटं झाली होती. "तुम्ही बारीक करा हो. मी केलं तर म्हणाल, माझ्या हाताचा दोष."

भाऊजींनी नॉब फिरवला. जाळ लहान झाला, शांत झाला. मुलानं सुस्कारा सोडला. मी मनातल्या मनात पोथी रद्दीत घातली.

फट्.

वरचा जाळ गेला आणि बर्नरच्या पोटातून घुरघुर सुरू झाली, एखादं चिडकं मांजर पिंपात कोंडावं तशी. मुलगा इतक्या जोरात उठला की स्टूल आडवं झालं. भाऊजींच्या तोंडून "अरेच्चा" एवढंच निघालं. मी, एवढी वाट बघून, जागची हललेही नाही. सिस्टरांनी हात पुढे केला, नॉब बंद केला, पलीकडची खिडकी उघडली आणि तक्त्यावर बारावी वेळ लिहिली.

बर्नर निवेपर्यंत थांबा, असं मी भाऊजींना सांगितलं, पण त्यांना कुठला धीर. जाड फडक्यानं धरून त्यांनी टोपी काढली, म्हणजे वरची भोकांची चकती. पिशवीतून एक बारीक सळई काढून भोकात घातली. ती जेमतेम जायला हवी होती. सैल गेली. दुसऱ्या भोकातही तशीच. ते बराच वेळ टोपीकडे बघत राहिले. मला माहीत होतं ते काय आठवतायत, कारण सुटे भाग मी देते : अडीच महिन्यांपूर्वी या घरची टोपी बदलली होती, बरोबर मापाची शिल्लक नव्हती, आणि मोठ्या शेगडीची टोपी नेमकी त्याच घेराची होती. भोकं केसभर मोठी. तेवढ्यानं गॅस हळू बाहेर पडतो. थंड असताना चालून जातं.

खोटं बोलायला जागा होती. जुनी झाली, झिजली, काहीही म्हणता आलं असतं.

"टोपी मीच बसवली होती," भाऊजी म्हणाले. "चुकीची आहे."

त्यांनी बरोबर मापाची टोपी बसवली. ती महिन्याभरापासून त्यांच्याच पिशवीत होती. मी नवं कार्ड काढलं आणि लिहिलं, 'चुकीच्या मापाची टोपी दुकानाकडून बसवली गेली. तापल्यावर जाळ आत जात होता. तक्रार पूर्ण बरोबर.' भाऊजींनी खाली सही केली. मुलानं कार्ड वाचलं, आमचे आभार मानले, बरं झालं सापडलं म्हणाला. आणि मग ओट्याखाली वाकून रेग्युलेटर काढायला लागला.

आम्ही तिघंही त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.

"काय करतोयस?" सिस्टरांनी विचारलं.

तो तसाच वाकलेला असताना म्हणाला, "आई, शेगडीत दोष होता, मान्य. पण उद्या दुसरं काही झालं आणि तू एकटी असलीस तर?"

"अकरा वेळा झालं," सिस्टर म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "दहा वेळा तू ऑफिसात होतास आणि अकराव्या वेळी आंघोळीला. अकरा वेळा मी बंद केलं, खिडकी उघडली, वेळ लिहिली. दुकानाला चारदा कळवलं. आज झालं तेव्हा तू इथं होतास. तू काय केलंस?"

सगळ्यांची नजर त्या आडव्या पडलेल्या स्टुलाकडे गेली. त्याचीही गेली.

तो उभा राहिला. रेग्युलेटर सिलिंडरवरच होता. त्यानं स्टूल उचलून सरळ ठेवलं आणि ते पडलं होतं तिथल्या फरशीकडे उगाच बघत राहिला. चाळिशीचा माणूस, पण त्या क्षणी मला तो शाळेच्या गणवेशात दिसला.

भाऊजींनी ही संधी साधून पिशवीची चेन ओढली. तीन घरं खोळंबली होती.

"तुम्ही कुठं निघालात?" सिस्टर म्हणाल्या. "ही टोपीसुद्धा पन्नास मिनिटं तापवून बघायची. थंड असताना सगळ्याच चांगल्या असतात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि असा उसासा टाकला की शेगडी पेटलेली असती तर विझली असती.

तिसऱ्यांदा पन्नास मिनिटं. सूप आता आटून घट्ट झालं होतं, त्यात दोनदा पाणी घालावं लागलं. मुलगा ओट्यापाशी आईच्या शेजारी उभा राहिला होता. मोबाइल त्यानं खिशात ठेवला होता. जरा वेळानं त्यानं हळूच विचारलं, की जाळ आत गेला तर आधी नॉब बंद करायचा की रेग्युलेटर. सिस्टरांनी सांगितलं : आधी नॉब, लगेच, मग खिडकी, आणि गार होईपर्यंत पुन्हा पेटवायचं नाही. हात थरथरला तरी चालेल, पण थांबायचं नाही. त्यानं मान हलवली. जन्मभर त्या शेगडीवरचं जेवलेला माणूस, पण तिच्याकडे तो पहिल्यांदाच बघत होता.

एक्कावन्नावं मिनिट आलं.

"आधी बंद कर तू," सिस्टर त्याला म्हणाल्या. "बारीक करून मग बघू."

त्यानं नॉब धरला आणि उलट्या बाजूला फिरवला. बंद व्हायच्या ऐवजी जाळ एकदम बारीक झाला. भाऊजी स्टुलावरून अर्धे उठले. मुलाचा हात नॉबवर तसाच गोठला होता.

जाळ भोकांच्या तोंडाशी राहिला. लहानसा, निळा.

सिस्टरांनी वाकून त्याच्याकडे नीट पाहिलं, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून.

"टोपी चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग मुलाच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. "आता बंद कर. दुसऱ्या बाजूला."